अण्णांच्या डोक्याची टोपी

आमच्या घरात कपडे दोन प्रकारचे असायचे, स्वतःचे आणि दुसऱ्यांचे. त्यातले दुसऱ्यांचेच जास्त.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांचा धंदा युनिफॉर्मचा. बार्शीकडून ते पिंपरीला आले ते कंपनीत चिकटायला. कंपनीने काही चिकटवून घेतलं नाही, पण गेटवर ताटकळत उभं राहून त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर एकसारखा कपडा आहे आणि तो एकाच्याही अंगावर धड बसलेला नाही. शिवणकाम घरचंच होतं. चिंचवड स्टेशनच्या बाजूला त्यांनी एक गाळा घेतला, वर पोटमाळा होता तिथे मशीन टाकली, आणि आत जायला मिळालं नाही त्या कंपन्यांच्या आत आपले कपडे पाठवायला सुरुवात केली. बॉयलर सूट, अ‍ॅप्रन, कँटीनवाल्यांचे झगे, ड्रायव्हरचे सफारी, आणि गेटवरच्या वॉचमनच्या टोप्या.

अण्णांचा एक नियम होता. नव्या ऑर्डरचा पहिला नग घरातल्या कुणीतरी दिवसभर घालायचा. "काखेत काचतंय का, खाली बसल्यावर मागं उसवतंय का, हे टेपला कळत न्हाई. अंगाला कळतं," असं ते म्हणायचे. त्यामुळे आमच्याकडे सकाळी कोण काय होऊन उठेल याचा नेम नसायचा. आई कँटीनवाल्याच्या टोपीत भाकऱ्या थापायची. ती टोपी तिला इतकी आवडली की ऑर्डर गेल्यावरही तिने ती सोडली नाही. मी फायरमनचा कोट घालून ट्यूशनला गेलेलो आहे. एकदा माझ्या वाट्याला वॉर्डबॉयचा पोशाख आला आणि त्याच दिवशी मामांना भेटायला दवाखान्यात जायचं होतं. मामा भेटले, पण संध्याकाळी. तोवर दोन मजल्यांवर माझ्याकडून खाटा ढकलून घेतल्या गेल्या होत्या. एका सिस्टरने तर मी उशिरा आलो म्हणून झापलंही. घरी आल्यावर अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, "ढकलताना खांद्यात वढ बसली का?"

"बसली."

"कपड्यात का खांद्यात?"

"खांद्यात."

"मग कपडा पास हाय."

वॉचमनच्या टोप्यांचं मात्र वेगळं होतं. त्या टोपीचा पहिला नग आमच्यापैकी कुणाच्या डोक्यावर कधी आला नाही. तो मान अण्णांच्या डोक्याचा. वॉचमनची ती टोपी म्हणजे साधी वस्तू नव्हे. वरची गोल, ताणून बसवलेली खाकी चकती, भोवती लाल पट्टा, पुढे चकचकीत काळा कडक छज्जा, दोन्ही बाजूंना पितळी बटण आणि आतून कपाळाला टेकणारी चामड्याची पट्टी. ती हातात धरून शिवता येत नाही. तिला खाली डोकं लागतं. म्हणून अण्णांनी सुरुवातीलाच एका सुताराकडून लाकडी डोकं करून घेतलं. सुतार म्हणाला, कुणाच्या मापाने करू? अण्णा म्हणाले, माझ्या. सुताराने अण्णांना बाकड्यावर बसवलं, दोरीने, बोटांनी, तळव्याने सगळीकडून त्यांचं डोकं चाचपलं आणि सागाच्या ओंडक्यातून हुबेहूब काढून दिलं. फक्त नाक-डोळे नाहीत. त्या लाकडी डोक्यावर आमच्या सगळ्या टोप्या जन्मल्या. शिवून झालेली टोपी आधी लाकडी अण्णांच्या डोक्यावर आणि मग खऱ्या अण्णांच्या डोक्यावर, आरशासमोर. छज्जा बरोब्बर नाकाच्या रेषेत. मग ते आरशालाच एक सलाम ठोकायचे.

क्वचित कुणी वॉचमन टोपी घेऊन परत यायचा. "शेठ, जरा डावीकडं जाती हो."

अण्णा हात पुढे करायचे. टोपी घ्यायचे, स्वतःच्या डोक्यावर ठेवायचे, आरशासमोर उभे राहायचे. छज्जा नाकाच्या रेषेत. मग वळून शांतपणे म्हणायचे, "टोपीत दोष न्हाई. डोक्यात हाय."

आता समोर पुरावाच उभा असायचा. जो तो आपलं डोकं चाचपत परत जायचा.

मीही त्यातलाच. शाळेत मी स्काउटमध्ये गेलो तेव्हा अण्णांनी हौसेने खास माझ्या मापाची छोटी टोपी केली. लाकडी डोक्यावरच केली, आत अस्तर भरून लहान केली एवढंच. ती घातली की छज्जा डाव्या भुवईवर. सरळ करावी तर पाच पावलं चालेपर्यंत परत तिथेच. अण्णांनी ती स्वतःच्या डोक्यावर कशीबशी टेकवून पाहिली, मग माझ्या डोक्याला दोन्ही हातांनी धरून इकडून तिकडे फिरवलं आणि आईला म्हणाले, "ह्याचं डोकं जरा वाकडं हाय गं." आई कँटीनच्या टोपीतून म्हणाली, "असू दे. पोरगं आहे, मुलगी नाही."

तो निकाल मी मान खाली घालून स्वीकारला आणि त्याप्रमाणे जगलो. वाकडेपणा झाकावा म्हणून भांग उजवीकडून पाडायला लागलो. फोटोत नेहमी जरा डावीकडे तोंड. हेल्मेट घेताना दुकानदाराला आधीच सांगायचो, "माझं डोकं जरा हे आहे, त्या हिशोबाने दाखवा." मुलगी बघायला गेलो तेव्हा मी एका विशिष्ट बाजूच्या खुर्चीवरच बसायचा हट्ट धरला, म्हणजे चांगली बाजू दिसेल. तिला वाटलं मला एका कानाने कमी ऐकू येतं. लग्न ठरेपर्यंत ती माझ्याशी मोठ्याने बोलत होती. लग्नानंतरही मोठ्यानेच बोलते, पण त्याची कारणं वेगळी आहेत.

तर ही आमची बायको. आज धंदा खरं तर तीच चालवते. मी मालक, म्हणजे केबिनमध्ये बसायचो. गाळ्याचे आता तीन गाळे झालेत, पण कामाचं रूप बदललं. टोप्या गेल्या. वॉचमनचे सिक्युरिटी गार्ड झाले आणि त्यांच्या डोक्यावर क्रिकेटवाल्यांसारख्या तयार टोप्या आल्या, मागे पट्टा ओढला की कुठल्याही डोक्याला चालणाऱ्या. हिंजवडीच्या कंपन्यांना टी-शर्टवर लोगो लागतो. तो आम्ही बाहेरून भरतकाम करून आणायचो. बायकोचं म्हणणं, भरतकामाची कॉम्प्युटरची मशीन आपणच घ्यायची. म्हणणं बरोबर होतं. तिचं म्हणणं बरोबर असतं, ही आमच्या घरातली जुनी अडचण आहे.

प्रश्न जागेचा होता. मशीन लांबलचक. ती बसेल अशी जागा एकच, खालच्या गाळ्यातला मागचा कोपरा. आणि तो टोपीचा कोपरा होता. तिथे टोपीची जुनी मशीन, आरसा, खिडकीत लाकडी डोकं आणि आरशासमोर अण्णांची खुर्ची.

अण्णांनी ऐंशी ओलांडली तरी रोज सकाळी रहाटणीच्या घरून माझ्याबरोबर गाडीत बसून यायचे. कोपऱ्यात बसायचे, मशीनला तेल घालायचे, लाकडी डोक्यावरची धूळ पुसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याच्या खांद्याची शिवण नजरेने तपासायचे. काम काहीच नव्हतं, पण कामावर जाणं होतं. आई गेल्यावर त्यांना सकाळी उठून दाढी करायला तेवढंच कारण उरलं होतं. तो कोपरा गेला तर अण्णा घरी बसणार आणि घरी बसलेले अण्णा मला डोळ्यांसमोर आणवत नव्हते. बायकोलाही कळत होतं. म्हणून तर ती वर्षभर नुसती टेप घेऊन त्या कोपऱ्याच्या आसपास हिंडत होती.

शेवटी ती म्हणाली, "टोपीचं एक तरी काम येऊ दे. कोपरा राहू दे म्हणेन मी. रिकाम्या मशीनसाठी नाही ठेवता येणार, अहो. मशीनवाला जागा बघायला येतोय पुढच्या महिन्यात."

आणि मग चाकणहून फोन आला.

एका कंपनीच्या एचआरमधली मुलगी बोलत होती. त्यांची कंपनी मूळची पिंपरीची, नंतर चाकणला गेलेली. जुनं ऑफिस आवरताना कपाटात वॉचमनची एक टोपी सापडली, आतल्या लेबलवर आमच्या दुकानाचं नाव. लेबलवरच्या नंबरवर तिने आधी फोन लावला होता. तो नंबर शेजारच्या किराणा दुकानाचा, कारण त्या काळी आमच्याकडे फोन नव्हता. किराणावाला कधीच गेला, पण नेटवर आम्ही सापडलो.

"सर, वर्धापनदिनाला गेटवरच्या सगळ्या गार्डना सेम तशी टोपी द्यायचीये. आमच्या एमडींना व्हिंटेज फार आवडतं. आधी सॅम्पल कराल?"

मी फोन ठेवला आणि केबिनमध्ये एक गिरकी घेतली. केबिन लहान असल्याने ती अर्धीच झाली.

अण्णा तेव्हा गावाकडे एका लग्नाला गेले होते. मी ठरवलं, त्यांना चकित करायचं. ते परत येईपर्यंत सॅम्पल पास करून हातात ठेवायचं. आता, लाकडी डोकं खिडकीत होतंच. पण मला वाटलं, एवढी मोठी चाकणची कंपनी, आपण काय जुनाट ओंडका वापरायचा! शोरूममध्ये पुतळ्यांना बसवतात तसलं एक फोमचं डोकं मी आणलं. पांढरंशुभ्र, सगळीकडून एकसारखं. आमच्या टेलरने त्यावर झकास टोपी केली. छज्जा अगदी मध्यावर. मी ती खोक्यात घालून स्वतः चाकणला नेली. मोशीपासून पुढे ट्रकांच्या मागे सरकत सरकत पोचेपर्यंत मी मनात अण्णांना हजारदा म्हणालो होतो, "बघा अण्णा, झालं की नाही."

दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा फोन. "सर, फिनिशिंग छान आहे. पण एमडी म्हणतात, ती बात नाही."

"म्हणजे कुठली बात?"

"ते शब्दात नाही सांगता येणार. मी येते घेऊन."

ती आली तेव्हा अण्णा परत येऊन कोपऱ्यात बसले होते. मुलीने टेबलावर जुनी टोपी ठेवली. लाल पट्टा विटून गेरूच्या रंगाचा झालेला, एक बटण गायब. अण्णांनी ती उचलली, आत बोट फिरवलं, वास घेतला.  चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

मग तिने पिशवीतून एक फोटो बाहेर काढला, काळापांढरा. जुन्या गेटसमोर ओळीने उभे असलेले वॉचमन, मिशा पीळ भरलेल्या, छात्या पुढे. "हे बघा सर. ह्यांच्या टोप्या बघा."

मी बघितलं. एकूण एक टोपी डावीकडे झुकलेली. जरा म्हणजे जराशीच, पण सगळ्यांची सारखी. जणू सगळ्यांनी मिळून ठरवलेलं.

"एमडींना हाच अ‍ॅटिट्यूड हवाय," ती म्हणाली. "तुमची नवीन टोपी एकदम सरळ बसते. मॅथ्सच्या सरांसारखी. मला वाटतं, तेव्हा त्यांना तिरकी घालायची सवय असेल."

"सवय न्हाई," अण्णा कोपऱ्यातून म्हणाले. "तिरकी घालायची परवानगीच नव्हती कुणाला."

मुलीने सहज म्हणून जुनी टोपी आपल्या डोक्यावर ठेवली. छज्जा डाव्या भुवईवर. ती हसली, सरळ केली. परत डावीकडे. तिने बाहेरून गाडीच्या ड्रायव्हरला बोलावलं. त्याच्या डोक्यावर डावीकडे. बायको कुतूहलाने पुढे झाली. तिच्या डोक्यावर डावीकडे, आणि सांगायला हरकत नाही, फार छान दिसत होती. मी फोमच्या डोक्यावर ठेवली. त्याच्यावरही डावीकडे! फोमचं डोकं तर कारखान्यात साच्यातून निघालेलं, त्याला कुठल्या बाजूने वाकडं म्हणणार?

बायको म्हणाली, "अण्णा, तुम्ही घाला."

अण्णा उठले. आरशासमोर उभे राहिले, टोपी घातली. छज्जा बरोब्बर नाकाच्या रेषेत.

 बायको हळूच त्यांच्या मागे गेली आणि सासऱ्यांच्या डोक्याकडे, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, मागून नीट पाहिलं. मग खिडकीतल्या लाकडी डोक्याकडे पाहिलं. दोन्ही डोकी मागे एका बाजूला चपटी होती. सुताराने इमानदारीने जसं होतं तसं काढलं होतं.

"अण्णा," ती म्हणाली, "लहानपणी तुम्हाला मोहरीच्या उशीवर नव्हतं का हो झोपवलं?"

आमच्याकडे बाळाच्या डोक्याखाली मोहरीची मऊ उशी ठेवतात, डोकं गोल राहावं म्हणून. अण्णांची नजर आरशातल्या टोपीवर होती. "कुठली उशी," ते म्हणाले. "पेरणीचे दिवस. आई रानात. झोळीत एका कुशीवर पडून असायचो म्हणं."

मी नकळत माझ्या डोक्यामागे हात फिरवला. गोल होतं. माझ्या आईने उशी ठेवली असणार. पन्नाशी उलटेपर्यंत मी भांग उजवीकडून पाडत होतो तो कशासाठी, हे मला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. पण ती वेळ माझी नव्हती, हे अण्णांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

मुलगी मात्र खूश. "म्हणजे त्या लाकडी डोक्यावर केली की तशी होणार! मस्त. सर, मग तशीच करा. कन्फर्म!"

"न्हाई," अण्णा म्हणाले.

"काय?"

"वाकडा माल आमच्या दुकानातून जात न्हाई." त्यांनी टोपी काढली, टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मला घरी सोड."

गाडीत ते एकच वाक्य बोलले. "किती जणांना आरसा दाखवून परत पाठवलं रे मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले नाहीत. दाढीही केली नाही. गॅलरीत बसून होते. म्हणजे बघा, ज्या ऑर्डरने त्यांचा कोपरा वाचणार होता ती ऑर्डर त्यांनीच परत केली होती, आणि तिकडे मशीनवाल्याचा माणूस जागेचं माप घ्यायला येणार होता. मी त्यांच्यापुढे वकिली केली. म्हणालो, गिऱ्हाईकच तिरकी मागतंय. म्हणाले, "गिऱ्हाईकानं फाटका मागितला तर फाटका देशील?" मी म्हणालो, "हल्ली देतात अण्णा, फाटक्या जीन्स." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आत जाऊन चहा टाकला. तोही उतू गेला.

मग बायको गॅलरीत गेली. हातात तो फोटो, काल दुकानात टेबलावरच राहिलेला. मी दाराआड उभा राहिलो. आमच्या घरात महत्त्वाच्या बोलण्यात माझी जागा तीच असते.

"अण्णा, ह्या माणसांकडे बघा जरा," ती म्हणाली. "ह्यातला एक तरी लाजलेला दिसतोय का तुम्हाला?"

अण्णांनी फोटो लांब धरला, जवळ धरला. "न्हाई," ते म्हणाले. "रुबाबात हायेत."

"सरळ टोपीत दिसले असते एवढे रुबाबात?"

अण्णांनी फोटो मांडीवर ठेवला.

"तुम्ही एकेकाला फसवलं म्हणताय. पण बघा, ह्यांना साहेबानं सरळ उभं राहायला सांगितलं, सरळ बघायला सांगितलं. तेवढी एक टोपीच काय ती त्यांच्या मर्जीने बसली. आणि ती तुमच्यामुळे."

"मर्जी त्यांची कसली. माझ्या डोक्याची."

"तेच ते." मग ती उभी राहिली, हात मागे बांधले, आणि हुबेहूब त्यांच्या आवाजात म्हणाली, "टोपीत दोष न्हाई. डोक्यात हाय."

 सासऱ्याची अशी नक्कल त्यांच्या तोंडावर आमच्या घरात कुणी केली नव्हती. अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. हसत होते. हसता हसता त्यांनी स्वतःच्या डोक्यामागे हात नेला, चपट्या बाजूवरून फिरवला आणि म्हणाले, "च्यायला, सगळ्या पिंपरीला माझं डोकं घातलं की गं मी!"

पण सुखासुखी मानतील तर ते अण्णा कसले. त्यांनी अट घातली. टोपी तिरकी बसणार हे प्रत्येक गार्डला आधी सांगायचं, आणि ते अण्णा स्वतः सांगणार. एमडींनी नाही, एचआरने नाही.

मग काय विचारता! दुसऱ्या दिवसापासून अण्णा मला हॉर्न वाजवायला लावायच्या आधीच गाडीत. लाकडी डोकं खिडकीतून खाली आलं. फोमचं डोकं त्यांनी दोन बोटांनी उचलून माझ्या केबिनमध्ये आणून ठेवलं, "घे, तुझा माणूस" म्हणून. टेलर शिवायचा आणि अण्णा प्रत्येक छज्जा स्वतः बसवायचे. पहिला नग तयार झाल्यावर नियमाप्रमाणे तो घालून ते सकाळी फिरायला गेले आणि नेहमीपेक्षा उशिरा परतले. शेजारच्या सोसायटीच्या गेटवर एका गाडीवाल्याने त्यांना वॉचमन समजून गेट उघडायला सांगितलं होतं. अण्णांनी उघडलं. मग मागून दुसरी आली, तिसरी आली. "एकाला मी मागं घ्यायला लावली," ते बूट काढता काढता समाधानाने म्हणाले. "चुकीच्या बाजूनं येत होता. गप घेतली त्यानं." मी विचारलं, टोपी कशी काय? म्हणाले, "कपाळाला काचली न्हाई. पास हाय."

वर्धापनदिनाला आम्ही चाकणला गेलो. गेटसमोर गार्ड ओळीने उभे. तरणीताठी पोरं, कुणी परभणीचा, कुणी लातूरचा, एक बिहारचा. अण्णा एकेकापुढे जायचे, दोन्ही हातांनी टोपी डोक्यावर ठेवायचे आणि सांगायचे, "ही डावीकडं बसंल. बसू दे. दोष तुझ्या डोक्यात न्हाई, माझ्या हाय." पोरं गोंधळून "हो आजोबा" म्हणायची. बिहारच्या पोराला मराठी कळलं नाही. त्याने लगेच हात वर करून टोपी सरळ केली. अण्णा परत मागे आले आणि एका बोटाने, अगदी अलगद, छज्जा डाव्या भुवईवर नेऊन ठेवला. जन्मभर लोकांना सरळ टोपीचा आरसा दाखवणारा माणूस! मी दुसरीकडे पाहिलं. बायको तर उघडउघड डोळे पुसत होती आणि वर धुळीचं कारण सांगत होती. चाकणमध्ये ते कुणालाही पटतं.

परतताना ट्रकांच्या रांगेत गाडी थांबलेली असताना अण्णा मागच्या सीटवरून अचानक म्हणाले, "तुझं डोकं तसं बरं हाय की रे."

"हो," मी म्हणालो. आणि गाडीच्या आरशात एकदा बघूनही घेतलं.

तुम्ही विचाराल, मग भरतकामाची मशीन? ती आली. बायकोने शब्द पाळला, कोपऱ्याला हात लावला नाही. दुसऱ्या दोन कंपन्यांनी टोपीबद्दल विचारलंय, एका ढोलपथकालाही हवीय. मशीन बसवायला जागा मात्र लागणार होतीच आणि टेप घेऊन फिरताना तिच्या लक्षात आलं की माझी केबिन पाडली तर ती अगदी बेतशीर बसते. म्हणणं बरोबर होतं. आता मी अण्णांच्या कोपऱ्यात, त्यांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसतो. माझ्या एका बाजूला लाकडी डोकं, दुसऱ्या बाजूला फोमचं.

परवा मोठ्या धाडसाने मी न्हाव्याकडे जाऊन भांग डावीकडे पाडून घेतला. झाकायचं काही उरलं नाही म्हटल्यावर का नाही? ऐटीत दुकानात आलो, स्टुलावर बसलो. बायको टी-शर्टचा गठ्ठा घेऊन जाताना थबकली, मागे आली, मान कलती करून बघत राहिली.

"अहो, हे काय? डोकं वाकडं दिसतंय तुमचं."

मी अण्णांकडे पाहिलं. ते लाकडी डोक्यावर टोपी ताणत होते. तोंडात दोरा होता. तो त्यांनी आधी काढला, मग वर न बघता म्हणाले, "डोकं सरळ हाय त्याचं. मी बघितलंय. भांग चुकलाय."